न झालेल्याचा लाभ

परसोत्तमभाई शेठच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, कुंकवाने दोन शब्द लिहिलेले होते. डावीकडे शुभ, उजवीकडे लाभ. दर दिवाळीला पूजा सांगायला गोरमहाराज येत आणि ते नव्याने काढून जात. डाव्या बाजूला एसीचा झोत लागायचा, त्यामुळे शुभ वर्षभरात फिकट पडे. लाभ मात्र बारा महिने ठसठशीत असे.

कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर बिपिन वसावडा तीन वर्षं त्या दोन शब्दांच्या समोर बसून शेठना एकच गोष्ट पटवत होते. कारखान्यात चौदा पॉवर प्रेस होत्या. मोटारीच्या सीटखाली बसणाऱ्या लोखंडी पट्ट्या त्यांच्यावर ठोकल्या जात आणि थेट जर्मनीला जात. पट्ट्यांबरोबर अधूनमधून एखाद्याचं बोटही ठोकलं जाई, ते मात्र राजकोटजवळच्या शापरच्या हद्दीतच राही. यावर उपाय होता उजेडाचा पडदा. प्रेसच्या तोंडाशी दोन खांब बसवायचे, मधून न दिसणारे किरण जातात, हात आत गेला की किरण तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबते. वसावडांनी हे पडदे अहमदाबादच्या प्रदर्शनात पाहिले होते. त्यात स्वतःचा हात घालून पाहिला होता आणि प्रेस थांबली तेव्हा लग्नातसुद्धा झाला नव्हता एवढा आनंद त्यांना झाला होता.

"शेठ, हिशेब करून बघा," ते म्हणत. "एक बोट गेलं की दवाखाना, भरपाई, दोन दिवस काम बंद, नवा माणूस शिकेपर्यंत खराब माल. ह्या सगळ्याची बेरीज पडद्याच्या खर्चापेक्षा जास्त होते. म्हणजे पडदा हा खर्च नाहीच. लाभ आहे."

"बिपिनभाई, सगळं शिकवा, पण मला लाभ शिकवू नका," शेठ म्हणत. आवाज मऊ, जणू जावयाशी बोलताहेत. "लाभ म्हणजे आलेला. तुम्ही सांगता तो न गेलेला. न तुटलेलं बोट मी कुठल्या खात्यात जमा करू? तसं तर माझ्या कारखान्यावर रोज विमान पडत नाही. त्याचाही लाभ मांडायचा का?"

वसावडा बीएस्सी होते, वर सेफ्टीचा डिप्लोमा होता. यावर उत्तर आहे एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते त्यांना घरी गेल्यावर, आंघोळ करताना सुचे.

पुढे जर्मन गिऱ्हाइकाने कळवलं की आमच्या मालाला बोटांचा वास नको. शब्द अर्थातच सभ्य होते. शेठनी पाच पडदे घेतले. उरलेल्या नऊ प्रेस जुन्या, पायाने पेडल मारायच्या. त्यांचं ठरलं असं: गिऱ्हाइकाची तपासणी पार पडली आणि तीन वर्षांची मोठी ऑर्डर हातात आली, की उरलेले नऊ पडदे. शेठनी मान वळवून भिंतीवरच्या शब्दांकडे बघत हे वचन दिलं. त्या शब्दांसमोर परसोत्तमभाई खोटं बोलणार नाहीत, असं वसावडांना वाटलं. शेठनी नेमकं कुठल्या शब्दाकडे पाहिलं होतं, हे त्यांनी नीट बघायला हवं होतं.

अपघात झाला तो दुपारी, जेवणानंतर, अख्खं राजकोट झोपलेलं असतं आणि फक्त कारखाने जागे असतात त्या वेळी. करसन गोहेल अकरा नंबरच्या प्रेसवर होता. अकरा नंबरला पडदा नव्हता. पायाने पेडल मारायचं, डाव्या हाताने पट्टी सरकवायची, उजव्याने ठोकलेला तुकडा बाहेर काढायचा, असं काम करसन बरीच वर्षं करत होता. तुकडा आत अडकला. करसनने तो सोडवायला उजवा हात घातला. पाय मात्र इतक्या वर्षांच्या सवयीने आपलं काम करत राहिला.

तर्जनी गेली, मधलं बोट गेलं, आणि अनामिका अर्धी.

वसावडा तेव्हा रंगाऱ्याला जमिनीवरचे बाण कुठल्या पिवळ्या रंगाने रंगवायचे ते सांगत होते. तपासणीला तीन आठवडे उरले होते. ते धावत गेले. करसन एका क्रेटवर बसला होता, हाताला कुणाचा तरी शर्ट गुंडाळलेला. तो ओरडत नव्हता. उलट माफी मागत होता.

"साहेब, चूक झाली. मशीन बंद करायला पाहिजे होतं."

"गप्प बस. चल."

सरकारी विम्याचा दवाखाना जवळ होता. शेठची पांढरी गाडी मात्र शहराकडे वळली, शेठाणीच्या मावसभावाच्या खासगी इस्पितळाकडे. तिथे शस्त्रक्रिया चांगली झाली, त्याबद्दल वाद नाही. डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले.

"कशाने झालं म्हणून लिहू?"

वसावडांनी तोंड उघडलं. ड्रायव्हर हकाभाईने त्याआधीच फोन पुढे धरला, आणि फोनमधून शेठचा आवाज आला, "दारात सापडला लिहा."

"कुठल्या दारात?"

"घरच्या. लोखंडी दार आहे. जड आहे फार."

डॉक्टरांनी लिहिलं. वसावडांनी तोंड मिटलं.

संध्याकाळी केबिनमध्ये गाठिया होते, कच्च्या पपईचा किसून केलेला संभारो होता, तळलेल्या मिरच्या होत्या. शेठनी बशी पुढे सरकवली.

"घ्या. दुपारपासून काही खाल्लं नसेल तुम्ही."

"शेठ, सरकारला कळवावं लागेल. नाही कळवलं तर करसनला विम्याची पेन्शन मिळणार नाही. उजवा हात आहे. जन्माचं नुकसान आहे."

"कळवा की. कोण अडवतंय?" शेठनी मिरचीचं देठ काढून बाजूला ठेवलं. "फक्त आधी तोलून घ्या. तुम्हीच शिकवलंत मला तोलायला. एका पारड्यात ठेवा करसनची बोटं. ती गेली. कळवून उगवणार नाहीत. कळवलं की जर्मनवाले येणार नाहीत, ऑर्डर नाही, पडदे नाहीत. आता दुसऱ्या पारड्यात ठेवा नऊ पडदे. नऊ प्रेसवर तीन पाळ्यांत माणसं किती?"

"सत्तावीस."

"त्यांची बोटं किती होतात? मी आठवी पास. तुम्ही बीएस्सी."

वसावडांनी उत्तर द्यायला नको होतं. पण गणिताचा प्रश्न विचारला की त्यांना उत्तर येई, हा त्यांचा शाळेपासूनचा दोष होता.

"दोनशे सत्तर," ते म्हणाले. मग जरा थांबून, "करसनची वजा जाता दोनशे सदुसष्ट."

"बघा," शेठ म्हणाले.

"पण त्याची पेन्शन..."

"ती कुठे पळाली? तपासणी होऊ दे. मग पाठवा तुमचा कागद. उशीर झाला तर दंड लागेल, तो मी भरीन. करसन काय परका आहे मला?"

दंड भरण्याची गोष्ट वसावडांना आवडली. तिच्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा होता. ते त्या रात्री बऱ्यापैकी झोपले, आणि सकाळी उठल्यावर याच गोष्टीचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

शेठच्या वकिलाचं म्हणणं होतं की जखमी कामगार दोन दिवसांहून जास्त गैरहजर राहिला, तरच अपघात. हजर राहिला तर फक्त जखम. म्हणजे बोटं नसली तरी चालेल, पण माणूस कामावर पाहिजे. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी करसनच्या वस्तीत गेली. गल्लीत गाडी शिरेना म्हणून हकाभाईने तोंडाशीच हॉर्न वाजवला. करसन बाहेर आला, हात गळ्यात बांधलेला. अर्धी वस्ती बघायला जमली. मागच्या सीटवर, एसीत, करसन गोहेल कामावर निघाला. ह्या गोष्टीचा त्याला त्या दुखण्यातही आनंद झाला होता, तो त्याने लपवला नाही.

हजेरीच्या यंत्रापाशी अडचण आली. ते बोट ओळखून हजेरी लावायचं. त्यात करसनची नोंदवलेली होती ती उजवी तर्जनी.

"लाव की बोट," हजेरीचा कारकून म्हणाला. तो नवा होता.

"कुठून लावू?" करसन म्हणाला.

कारकुनाने वसावडांकडे पाहिलं. "साहेब, बोट बदलायचं तर कारण टाकावं लागतं. कारण काय टाकू?"

वसावडांनी विचार केला. "जुनं चालत नाही, असं टाका."

डावा अंगठा नोंदवला गेला. यंत्राने हिरवा दिवा दाखवून करसनचे आभार मानले.

त्याला काचेच्या खोलीत, स्टोअरच्या कारकुनाशेजारी खुर्ची दिली. काम काही नव्हतं. सकाळी येऊन बसायचं, संध्याकाळी जायचं. चहाच्या सुट्टीत प्रेसवरची मंडळी काचेला नाक लावून बघत.

"काय करसनभाई, मॅनेजर झालास!" रामदे म्हणाला. तो बारा नंबरवर होता.

"खुर्ची स्वस्तात पडली हो," दुसरा म्हणाला. "तीनच दिली. एक तर अर्धीच."

"तुलाही पाहिजे का?" करसन म्हणाला. "अकरा नंबर मोकळा आहे. जाऊन बस."

सगळे हसले. मग रामदेने खिशातून माव्याची पुडी काढली, तंबाखू-सुपारी प्लास्टिकमध्ये घेऊन तळहातावर खसाखसा चोळली आणि तयार मावा करसनच्या तोंडात घातला. मावा एका हाताने चोळता येत नाही, हे करसनला पहिल्या दिवशी कळलं होतं. खरं तर तेवढ्यावरच तो एकदा रडला होता, स्टोअरच्या मागे जाऊन.

त्याची बायको रुडीबेन दुपारी डबा घेऊन यायची. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी आणि बाटलीत ताक. रोटल्याचे तुकडे करून ती त्याच्या डाव्या हातात देई. एकदा तिने वसावडांना व्हरांड्यात गाठलं.

"साहेब, ह्यांचा कागद विम्याच्या ऑफिसात कधी जाणार?"

"जाईल बेन. तपासणी झाली की लगेच."

"तपासणी कोणाची? ह्यांच्या हाताची?"

"नाही, कारखान्याची. बाहेरची माणसं येणार आहेत."

"मग त्यांना दाखवा की हात. तपासायला दुसरं काय आहे इथे?"

वसावडांनी चष्मा पुसला. "बेन, जरा धीर धरा. उरलेल्या सगळ्या प्रेसना पडदे बसणार आहेत. पुन्हा कोणाचं बोट जाणार नाही. तुमच्या नवऱ्यामुळे सत्तावीस माणसं वाचणार आहेत."

"ह्यांना विचारलं होतं का, वाचवायचीत का म्हणून?" रुडीबेन म्हणाली. "आणि इस्पितळाच्या कागदावर लोखंडी दार लिहिलंय म्हणतात. आमच्या खोलीला पत्रा लावलाय साहेब, दोरीने बांधलेला. वाऱ्याने उडतो. त्याने माशी मरायची नाही."

"मी शब्द देतो," वसावडा म्हणाले. "तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी कागद."

तिने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. नवऱ्याला परगावी पाठवताना बाई गाडीच्या टायरकडे बघते, तसं. मग रिकामी बाटली उचलून गेली.

तपासणीला गिऱ्हाइकातर्फे चेन्नईहून एक तरुण बाई आली. हुशार होती. पिवळे बाण तिला आवडले. पाचही पडद्यांमध्ये तिने स्वतः काठी घालून पाहिली आणि प्रेस थांबल्यावर ती वसावडांसारखीच आनंदली. वसावडांना ती फार जवळची वाटली. सांगावं सगळं, असं क्षणभर मनात आलं. पण त्यांच्यामागे शेठ होते, आणि शेठच्या मागे ऑर्डर होती, आणि ऑर्डरच्या मागे नऊ पडदे होते. एवढ्या रांगेला ओलांडून बोलणं त्यांना जमलं नाही.

करसनला त्या दिवशी घरी ठेवता येत नव्हतं, कारण गैरहजेरी लागली असती. स्टोअरमध्ये बसवला तर हात दिसला असता. उपाय वसावडांनीच काढला. सकाळी त्यांनी स्टोअरमधून कामाचा हातमोजा घेतला आणि रिकाम्या बोटांमध्ये मशीन पुसायचा कापूस भरला. आधी कमी भरला, बोटं लुळी पडली. मग थोडा जास्त भरला. मोजा करसनच्या हातात चढवताना त्यांनी विचारलं, "दुखत नाही ना?"

"नाही साहेब," करसन हात उलटसुलट करून बघत म्हणाला. "लांबून खरीच वाटतात. वाकत नाहीत एवढंच."

बाई स्टोअरमध्ये आली. करसन उभा राहिला, मोजा छातीशी धरून, जणू शपथ घेतोय.

"हे काय काम करतात?" तिने हिंदीत विचारलं.

"तपासणी," वसावडा म्हणाले.

"वा," ती म्हणाली. "स्टोअरमध्येसुद्धा मोजे. हे फार कमी ठिकाणी बघायला मिळतं."

तिने लिहून घेतलं. कारखाना पास झाला. तीन वर्षांत एकही अपघात नाही, या दाखल्यावर वसावडांनी सही केली. महिन्याभरात ऑर्डर आली. शेठनी सगळ्या कामगारांना पेढ्यांचे डबे वाटले, आणि करसनच्या डब्यात, त्याचं विशेष म्हणून, दोन जास्त.

वसावडा केबिनमध्ये गेले ते नऊ पडद्यांचा खर्च काढून. ह्या वेळी त्यांच्याकडे आंघोळीत सुचलेली सगळी उत्तरं तयार होती.

शेठनी खर्चाकडे बघितलंच नाही. "बिपिनभाई, तपासणीचा निकाल आला तेव्हापासून मी एक विचार करतोय. तुम्हीच सांगा, माझं चुकतंय का. पाच प्रेसना पडदे आहेत, नऊंना नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"पाच प्रेसवर अपघात किती?"

"शून्य."

"आणि नऊंवर?"

वसावडांनी टेबलावरचा खर्चाचा कागद सरळ केला.

"तुमच्या सहीने विचारतोय," शेठ मऊपणे म्हणाले. "नऊंवरही शून्य. मग पडद्याने काय केलं? शून्याचं शून्य केलं. एवढा खर्च करून शून्य ते शून्य. यात लाभ कुठे आहे, तेवढं दाखवा. दाखवलंत तर आज ऑर्डर देतो."

"शेठ, करसन..."

"करसनला दार लागलं. त्याचं मला वाईट वाटतं. त्याला मी चांगलं लाकडी दार बसवून देणार आहे."

वसावडांच्या लक्षात आलं की शेठ थट्टा करत नाहीत. गोष्ट त्यांनी स्वतःच घडवली होती, पण आता ती त्यांना खरी वाटू लागली होती. कागदावर होती, सही होती, बाहेरच्या बाईने पाहिली होती. व्यापाऱ्याला यापेक्षा जास्त खरं काय लागतं? आणि गणितात चूक नव्हती. चूक एवढीच होती की गणितात घालायचा आकडा वसावडांनी कापूस भरून लपवला होता.

"तुम्ही शब्द दिला होता," ते म्हणाले.

"दिला होता. लाभ असेल तर, असं धरून दिला होता. ते वेगळं सांगावं लागतं का?"

त्या रविवारी वसावडांनी अपघाताची सूचना लिहिली. तारीख खरी, प्रेसचा नंबर खरा, कारण खरं. शेवटी आपण सही केलेला दाखला खोटा होता, हेही लिहिलं. नोकरी जाणार, कदाचित खटलाही होणार, हे त्यांना ठाऊक होतं. बायकोला त्यांनी सांगितलं, तर ती म्हणाली, "लवकर सुचलं." एरवी ते रागावले असते. त्या दिवशी नाही. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्यांना धैर्य आलं होतं, आणि ते सांडू नये म्हणून ते स्कूटर अगदी हळू चालवत करसनच्या वस्तीत गेले. करसनचा अंगठा मिळाला की कागद पूर्ण होणार होता.

खोलीला नवं लाकडी दार बसलं होतं. त्याला रंग लागायचा होता.

"या साहेब," करसनने खाटेवर जागा केली. रुडीबेन चुलीपाशी होती. तिने बशीत चहा ओतून पुढे ठेवला.

वसावडांनी कागद काढला. सगळं समजावून सांगितलं. आवाज थोडा कापत होता, तो त्यांना बरा वाटला. "तुम्ही फक्त अंगठा द्या. बाकी जे होईल ते माझं."

करसनने बायकोकडे पाहिलं. बायकोने चुलीकडे.

"साहेब," करसन म्हणाला, "गुरुवारी शेठ आले होते. स्वतः. इथेच बसले होते, तुम्ही बसलात तिथे. मला गेटवर ठेवतो म्हणाले, कायमचा. आणि हिला प्रेसवर घेतो म्हणाले. मला मिळत होता तोच रोज, तुकड्यांच्या हिशेबाने."

"प्रेसवर? कुठल्या?"

"अकरावर. तीच मोकळी आहे ना."

वसावडांच्या हातातला कागद खाली आला. "रुडीबेन, त्या प्रेसला पडदा नाही. तो बसणार नाहीये. तुम्हाला कळतंय ना? हा कागद गेला तर सरकारी माणूस येईल. प्रेस बंद करेल. पडदे बसवायला लावेल."

"आणि आमची दोन कामं?"

"पेन्शन मिळेल. जन्मभर."

"कधी?"

"वेळ लागेल. कागद उशिरा चाललाय, दवाखान्याच्या कागदावर दार लिहिलंय. ते खोटं ठरवावं लागेल. भांडावं लागेल. मी साक्ष देईन."

"तुम्ही?" रुडीबेन म्हणाली. टोमणा मारावा असंही तिच्या आवाजात नव्हतं, ती फक्त खात्री करून घेत होती. "साहेब, ह्यांचा हात ताजा होता तेव्हा मी तुम्हाला विचारत होते, कागद कधी जाणार. तेव्हा तुम्हाला सत्तावीस माणसं दिसत होती. आता आम्हाला दोन पगार दिसतायत. तुम्ही तोललंत तेव्हा मी काही बोलले का? आता मी तोललंय. तुम्ही बोलू नका."

"बेन, बोटं जातील तुमची."

"जातील तेव्हा जातील. मी काय ह्यांच्यासारखी आत हात घालीन? आणि रोज पुरा मागून घेतलाय मी शेठकडे, बाईला म्हणून कमी नको म्हटलं. मानले."

"हिने शेठना चहासुद्धा दिला नाही मानेपर्यंत," करसन म्हणाला. त्याला तिचा अभिमान वाटत होता.

वसावडा म्हणाले की अंगठ्याशिवायही ते कागद पाठवू शकतात. रुडीबेनने तवा उतरवला आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"पाठवा. मग सरकारी माणूस इथे येईल आणि ह्यांना विचारेल. हे सांगतील, दार लागलं. दार दाखवतील पण." तिने मानेनेच दाखवलं. "तुम्हालाच खोटं पाडतील साहेब. ह्यांचा राग धरू नका तेव्हा. मी सांगितलंय त्यांना तसं."

करसनने मान खाली घातली. उजवा हात त्याने पांघरुणाखाली सरकवला.

चहा निवला होता. वसावडांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहा तरीही प्यायला, कारण न पिता उठणं त्या घरात वाईट दिसलं असतं.

सोमवारी सकाळी, कारखान्याच्या नियमाप्रमाणे, नव्या कामगाराला सेफ्टी ऑफिसरने प्रशिक्षण द्यायचं होतं. नवा कामगार एकच होता. रुडीबेनने साडीवरून पुरुषाचा शर्ट घातला होता, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. बांगड्या काढून ठेवल्या होत्या, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बारा नंबरवर रामदे उभा होता. तो आज आपल्या पट्ट्यांवरून नजर उचलत नव्हता.

वसावडांनी पेडल दाखवलं, पट्टी कुठून आणायची ते दाखवलं. आवाज नेहमीचा होता, नव्या माणसाशी बोलतानाचा.

"पाय इथे. डाव्या हाताने पट्टी सरकवायची. ठोका पडला की उजव्या हाताने तुकडा काढायचा."

"आणि ठोका पडताना उजवा हात कुठे ठेवायचा?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे? ठेवायला जागा दाखवा."

वसावडांनी प्रेसकडे बघितलं. एवढी वर्षं ते ह्या प्रेसकडे बघत होते. तिथे हात ठेवायला जागा नव्हती. दांडा नव्हता, फळी नव्हती, काही नव्हतं. हात एकतर आत असे, नाहीतर हवेत.

"छातीशी धरा," ते शेवटी म्हणाले.

रुडीबेनने उजवी मूठ छातीशी धरली, पट्टी सरकवली आणि पेडलवर पाय दिला. ठोका पडला. तिने तुकडा बाहेर काढला, उलटून बघितला, क्रेटमध्ये टाकला.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर," वसावडा म्हणाले.

ती दुसरी पट्टी घेत होती. तिसऱ्या पट्टीला मूठ छातीशी जायची थांबली. तसं केलं तर वेळ जात होता, आणि रोज तुकड्यांवर होता.